उत्पन्न सारखंच, मग कर्ज एकालाच स्वस्त का? गणपतीपुळ्याच्या उदाहरणातून समजून घ्या

रत्नागिरी शहरापासून किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण २५ किलोमीटरवर गणपतीपुळे आहे. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंबापोळी, काजू आणि कोकम सरबताची दुकानं आहेत. आतल्या वाड्यांमध्ये 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' असे फलक दिसतात. काही घरांमध्ये कुणी शाळेत, कुणी एसटीत, तर कुणी जयगड बंदराच्या परिसरात नोकरीला आहे. काही घरं आंब्यावर चालतात, काही मासळीवर.

या प्रत्येक घरात कधी ना कधी पैशांची गरज पडते. फ्रिज बंद पडतो, कौलं बदलायची असतात, मुलाची फी भरायची असते, कुणाला तरी रत्नागिरीच्या दवाखान्यात दाखल करावं लागतं. गरज सारखीच असली तरी त्यासाठी मिळणाऱ्या कर्जाची किंमत घरागणिक बदलते. अनेकदा ती उत्पन्नावर ठरतही नाही. मग ती कशावर ठरते?

५० हजारांच्या तीन किमती

समजा, गावात तीन घरं आहेत आणि तिघांचंही वार्षिक उत्पन्न साधारण ३ लाख रुपये आहे. तिघांनाही वर्षभरासाठी ५० हजार रुपये हवे आहेत. (ही घरं काल्पनिक आहेत, हिशेब मात्र खरा आहे.)

पहिल्या घरातले गृहस्थ शाळेत शिपाई आहेत. दर महिन्याला २५ हजार रुपये बँकेत जमा होतात. बँकेने त्यांना १२ टक्के वार्षिक दराने कर्ज दिलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,४४२ रुपये येतो. वर्षभरात व्याज जातं साधारण ३,३०० रुपये.

दुसरं घर पर्यटकांना खोल्या देतं. पैसे बहुतेक रोखीने किंवा मोबाइलवर येतात आणि दिवाळी ते मे या काळातच येतात. पगाराची पावती नाही, विवरणपत्र भरलेलं नाही. त्यांना एखाद्या वित्तसंस्थेने २४ टक्क्यांनी कर्ज दिलं, तर हप्ता सुमारे ४,७२८ रुपये होतो आणि वर्षाचं व्याज ६,७०० रुपयांच्या पुढे जातं. म्हणजे पहिल्या घराच्या दुपटीहून थोडं जास्त.

तिसऱ्या घरातली बाई भाड्याच्या गाळ्यात सरबत विकते. गाळा तिच्या नावावर नाही आणि याआधी तिने कधी बँकेचं कर्ज घेतलेलं नाही. तिला गावाबाहेरच्या ओळखीच्या माणसाकडून शेकडा पाच रुपये महिना या दराने पैसे मिळाले, तर ती दरमहा २,५०० रुपये फक्त व्याज भरते. वर्षात ३० हजार रुपये जातात आणि मूळ ५० हजार तसेच उभे राहतात.

उत्पन्न सारखं असूनही व्याज एकाला ३,३००, तर दुसऱ्याला ३० हजार. कर्जाच्या असमान उपलब्धतेचा साधा अर्थ हाच.

बँक नेमकं काय बघते?

कर्ज देताना बँकेला दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात. हा माणूस पैसे परत करू शकेल का? आणि नाही केले तर आपल्या हातात काय राहील?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बँक कागदावरून शोधते. पगाराची पावती, खात्याचा उतारा, आयकर विवरणपत्र आणि क्रेडिट स्कोअर. सिबिल ही देशातली पहिली क्रेडिट माहिती कंपनी २००० साली सुरू झाली. आज अशा चार कंपन्या आहेत. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० या दरम्यान असतो. जुनी कर्जं वेळेवर फेडली असतील तर तो वाढतो, हप्ते चुकले तर घसरतो.

अडचण अशी, की ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याचा स्कोअरही नसतो. दुकानदाराची उधारी २० वर्षं वेळेवर चुकवणाऱ्या किंवा भिशीचा हप्ता कधी न चुकवलेल्या बाईची पत गावाला ठाऊक असते, पण ती कुठल्याही अहवालात उमटत नाही. केवळ आधीचा कर्ज-इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांत म्हटलं आहे. मात्र कर्ज द्यायचं की नाही, हा अंतिम निर्णय बँकेचाच असतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तारण. आणि कोकणात इथेच मोठी गाठ आहे.

सातबारा आहे, पण कुणाकुणाचा?

कोकणात जमिनीचे तुकडे लहान आणि सातबाऱ्यावरची नावं अनेक, हे चित्र नवं नाही. आजोबांच्या नावाची जमीन वाटप न होता पुढच्या पिढीकडे येते. मग एकाच उताऱ्यावर काका, चुलत भाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या अशी नावं चढत जातात. त्यातले काही मुंबईत असतात, काहींचं निधन होऊनही वारसनोंद झालेली नसते. अशी जमीन तारण ठेवायची तर सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. त्यामुळे कागदावर जमीनदार असलेलं घरही बँकेच्या दारात तारणाविना उभं राहतं.

याला इतिहासही आहे. रत्नागिरी जिल्ह्यात खोती पद्धत होती. खोत सारावसुली करायचा आणि प्रत्यक्ष कसणारी बरीच कुटुंबं कूळ म्हणून राबायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. प्रत्यक्षात खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. त्याआधी १९४८ चा कूळकायदा आला होता आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरवून कसणाऱ्याला मालकी देण्याची तरतूद पुढे करण्यात आली. ज्या घरांची नावं त्या काळात उताऱ्यावर लागली त्यांच्या नातवंडांकडे आज तारण आहे. ज्यांची लागली नाहीत त्यांच्याकडे नाही.

घराचंही तसंच. केंद्र सरकारच्या स्वामित्व योजनेत २४ एप्रिल २०२० पासून ड्रोनने मोजणी करून गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक द्यायला सुरुवात झाली. हे पत्रक कर्जासाठी उपयोगी पडावं, असा योजनेचा एक हेतू आहे. पण कोकणातली वस्ती वाड्यांमध्ये विखुरलेली असते. बरीच घरं गावठाणाबाहेर, आगरात किंवा शेतजमिनीच्या कडेला असतात. अशा घरांच्या मालकीचा प्रश्न पुन्हा त्याच सामाईक सातबाऱ्याकडे येऊन थांबतो.

कमाई हंगामी, हप्ता मात्र दरमहा

गणपतीपुळ्याचं उत्पन्न कॅलेंडरवर चालतं. दिवाळीची सुट्टी, नाताळ, जोडून येणाऱ्या सुट्ट्या, अंगारकी आणि मे महिना हे कमाईचे दिवस. पाऊस सुरू झाला की पर्यटक कमी होतात. जून-जुलैमध्ये मासेमारीवर बंदी असते. आंब्याचा हंगामही तोवर संपलेला असतो.

नेमका याच काळात खर्च वाढतो. जूनमध्ये शाळा उघडतात, पावसाळ्याची बेगमी करायची असते, गळकं छप्पर दुरुस्त करावं लागतं. म्हणजे कर्जाची गरज आणि कमाईचा खड्डा एकाच वेळी येतात.

बहुतेक ग्राहक कर्जांचा हप्ता मात्र महिन्याचा असतो. मे महिन्यात सहज हप्ता भरणारं घर ऑगस्टमध्ये चुकतं. वर्षाच्या हिशेबात ते घर अडचणीत नसतं, तरीही दोन हप्ते उशिरा गेले की क्रेडिट अहवालात नोंद होते आणि पुढचं कर्ज महाग होतं किंवा मिळतच नाही. पीककर्जात हंगामानुसार परतफेडीची सोय असते. फ्रिजच्या, मोबाइलच्या किंवा वैयक्तिक कर्जात ती सहसा नसते.

इथे आणखी एक पेच आहे. घरगुती खोल्या देणाऱ्या कुटुंबाचा फ्रिज हा घरचा की धंद्याचा? पाहुण्यांचं जेवण आणि घरचं जेवण एकाच चुलीवर होतं. तरीही कर्ज 'उपभोगासाठी' म्हणून घेतलं तर दर वेगळा आणि 'व्यवसायासाठी' म्हणून घेतलं तर वेगळा. व्यवसायाचे कागद नसल्याने अनेक घरं पहिल्या, म्हणजे बहुधा महागड्या प्रकारात जातात.

एकाच घरात दोन पती

पतीमधला फरक फक्त दोन घरांत नसतो, तो एका घरातही असतो.

हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहहिस्सेदार केलं. ९ सप्टेंबर २००५ पासून ही तरतूद देशभर आली. त्याआधी, शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर राज्य सरकारने १९९२ मध्ये पतीच्या जमिनीवर पत्नीचं नाव लावण्याची सोय केली होती. कायदे झाले, तरी बहिणीने 'हक्कसोड' करून द्यायची पद्धत अजून चालू आहे. त्यामुळे खोल्या झाडणारी, स्वयंपाक करणारी, पाहुण्यांचे फोन घेणारी बाई धंदा चालवते आणि घर मात्र सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतं. कर्जाच्या अर्जावर तिच्याकडे दाखवायला काही नसतं.

तिच्यासाठी दोन रस्ते खुले राहतात. एक बचत गटाचा. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांना जोडण्याचा कार्यक्रम ५०० गटांपासून सुरू केला. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि २०११ पासून 'उमेद' अभियान हे काम करतं. गटाला कर्ज देताना बँक तारण मागत नाही, गटाच्या वहीतली नियमित बचत आणि परतफेड पाहते. गावात असलेली पत बँकेला समजेल अशा भाषेत लिहिण्याची ही सगळ्यात यशस्वी पद्धत ठरली. पण गटातून मिळणारी रक्कम सभासदांत वाटली जाते आणि मोठ्या खर्चाला ती पुरत नाही.

दुसरा रस्ता सूक्ष्म वित्तसंस्थांचा. इथेही तारण नसतं, पण बऱ्याच संस्थांचे दर २० टक्क्यांच्या वर असतात. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज ठरतं. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, अशीही अट आहे. या नियमात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. पैसे अनेकदा नवऱ्याच्या किंवा घराच्या कामाला लागतात, कर्ज मात्र बाईच्या नावावर राहतं. हप्ता थकला की वसुलीचा माणूस तिला शोधतो आणि अहवालही तिचाच बिघडतो.

सोन्याचीही तीच कथा. कागद नसलेल्या घराला सर्वांत लवकर मिळणारं कर्ज म्हणजे सोनेतारण. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात दागिन्यांच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. गहाण जातात ते दागिने बहुधा बाईचे असतात. कर्ज फिटलं नाही तर घरातली तिच्या मालकीची जवळपास एकमेव मालमत्ता लिलावात जाते.

मुंबईच्या पगारावर गावचं कर्ज

कोकणातल्या घरांनी यावर आपला तोडगा काढला आहे. एकेकाळी मुंबईतून चाकरमान्याची मनीऑर्डर यायची, आता त्याच्या नावावर कर्ज काढलं जातं. मुंबईच्या भावाकडे पगाराची पावती आणि चांगला स्कोअर असतो. तो वैयक्तिक कर्ज घेतो, गावचा भाऊ त्यातून खोल्यांना बाथरूम बांधतो आणि हंगामात पैसे पाठवतो.

हा व्यवहार विश्वासावर चालतो आणि बऱ्याचदा नीट चालतोही. पण धोका दोघांनाही आहे. हप्ता चुकला तर मुंबईच्या भावाचा स्कोअर घसरतो आणि त्याचं गृहकर्ज अडू शकतं. दुसरीकडे, गावच्या भावाने वर्षानुवर्षं पैसे फेडले तरी त्याची कुठेच नोंद होत नाही. दहा वर्षांनीही बँकेच्या लेखी तो पहिल्यांदाच कर्ज मागणारा असतो. शिवाय बांधकाम सामाईक जमिनीवर असेल तर वाटणीच्या वेळी खर्च कुणाचा, हा वाद उभा राहतो.

ज्या घरात मुंबईला कुणी नाही, त्यांना हा तोडगाही नाही.

हे आजचंच आहे का?

नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथून दख्खनचे दंगे सुरू झाले, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांकडच्या कर्जरोख्यांवर होता. कागद ज्याच्या हातात, सत्ता त्याची, हे त्यांना कळलेलं होतं. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत दिसलं, की शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून येत होतं आणि सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, गावोगाव शाखा उघडल्या.

चित्र बदललं, पण पूर्ण नाही. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या शिल्लक कर्जापैकी ६६ टक्के संस्थात्मक होतं आणि ३४ टक्के सावकार, नातेवाईक, व्यापारी अशा मार्गांनी आलेलं होतं. शहरांत हे प्रमाण ८७ आणि १३ टक्के होतं.

सरकारी योजना कुठे अडतात?

पीएम स्वनिधी योजना जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी आली. पण ती मुळात शहरी भागासाठी होती. गणपतीपुळ्यात ग्रामपंचायत आहे. म्हणजे तोच व्यवसाय रत्नागिरी शहरात करणाऱ्याला जी दारं उघडली, ती इथल्या सरबतवालीला सहज उघडली नाहीत.

मुद्रा योजनेत (८ एप्रिल २०१५ पासून) 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. ग्रामीण दुकानदारही त्यासाठी पात्र आहे. मात्र व्यवसायाचा काही पुरावा लागतो. ग्रामपंचायतीचा दाखला, उद्यम नोंदणी आणि बँक खात्यातली नियमित उलाढाल इथे उपयोगी पडते.

राज्याच्या पर्यटन विभागाने २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' धोरण आणलं. त्यात महिलांच्या पर्यटन व्यवसायाच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज मर्यादेत परत मिळतं. खोल्या चालवणाऱ्या बाईसाठी ही मोठी सवलत आहे. पण व्याज परत मिळण्यासाठी आधी बँकेने कर्ज मंजूर करावं लागतं आणि तिथे सामाईक सातबाऱ्याचा प्रश्न पुन्हा समोर येतो.

कर्ज घेण्याआधी काय तपासावं?

- मुख्य तथ्य विवरण मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि वित्तसंस्थांनी ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणं बंधनकारक आहे. त्यात शुल्कांसह खरा वार्षिक दर लिहिलेला असतो.
- 'फ्लॅट' दर ओळखा. ५० हजारांवर एका वर्षासाठी १२ टक्के फ्लॅट म्हणजे ६ हजार व्याज. घटत्या शिलकेच्या हिशेबात तो दर सुमारे साडेएकवीस टक्के होतो.
- बिनव्याजी हप्त्यांची खातरजमा करा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांच्या शून्य टक्के योजनांवर बोट ठेवलं होतं, कारण त्यात व्याज दुसऱ्या शुल्कात लपवलेलं असायचं. रोखीची किंमत आणि हप्त्यांची एकूण बेरीज शेजारी मांडून पाहावी.
- आपला क्रेडिट अहवाल पाहा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.
- जामीन राहताना विचार करा. दुसऱ्याचा हप्ता चुकला तर जामीनदाराच्या अहवालावरही परिणाम होतो.

सावकाराचा त्रास असेल तर?

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानाधारक सावकारालाही मनमानी दर लावता येत नाही. शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, तर इतरांना अनुक्रमे १५ आणि १८ टक्के ही कमाल मर्यादा २०१४ मध्ये ठरली. शेकडा पाच रुपये महिना म्हणजे वर्षाला ६० टक्के. म्हणजे सरबतवालीकडून घेतला जाणारा दर कायद्याच्या तिपटीहून जास्त आहे.

तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. सावकारीतून बळकावलेली जमीन, तक्रारीच्या आधीच्या १५ वर्षांतली असेल तर, चौकशीनंतर परत मिळण्याची तरतूदही या कायद्यात आहे. बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत दाद मागता येते. सहकारी पतसंस्था मात्र त्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्यासाठी सहकार खातंच पाहावं लागतं.

थोडक्यात

गणपतीपुळ्यातलं घर पैसे फेडू शकतं का, हे त्याच्या हंगामावरून, शेजाऱ्यांवरून आणि उधारीच्या वहीवरून कळतं. बँकेला ते पगाराच्या पावतीवरून, सातबाऱ्यावरून आणि स्कोअरवरून हवं असतं. ज्या घराकडे दुसऱ्या प्रकारचा पुरावा आहे, त्याला कर्ज स्वस्त पडतं. ज्याच्याकडे फक्त पहिला आहे, ते त्याच कर्जासाठी कित्येक पट मोजतं. म्हणून वारसनोंद वेळेवर करणं, बाईचं नाव उताऱ्यावर लावणं आणि हंगामातली कमाई बँक खात्यातून जाऊ देणं, ही वरवर कारकुनी वाटणारी कामं पुढच्या पावसाळ्यात हजारो रुपयांचा फरक पाडू शकतात.